दोरीवरचा नवरा

मी एकदा एक नवरा देऊन स्टीलचा डबा घेतला. नवरा माझा नव्हता. डबा मात्र अजून माझ्याकडे आहे, त्यात तुरीची डाळ असते. नात विचारते, आजी, याचं झाकण का गं बसत नाही नीट? मी सांगते, घाईत केलेला सौदा होता.

तेव्हा मी पन्नाशीच्या अलीकडे होते आणि मला सगळं समजत होतं. बाईच्या आयुष्यात ही अवस्था फार वर्षं टिकत नाही, पण टिकते तेवढ्यात ती पुष्कळ नुकसान करून ठेवते, आणि तेही दुसऱ्यांचं. पांढरकवड्यात हायवेच्या अलीकडे, कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या आवारात आमच्या संस्थेचं आधारघर होतं. ज्यांना घर उरलं नाही अशा बायकांनी मुलांना घेऊन तिथं यायचं, वर्षभर, फार तर दीड वर्ष राहायचं, काम धरायचं, पोरं शाळेत घालायची, आणि मग गावात स्वतःची खोली करून निघून जायचं, अशी ती व्यवस्था. मी नवी नवी सचिव झाले होते. माझे यजमान वकील. त्यांची वकिली बरी चालली होती, मुलं नागपूरला शिकत होती, आणि आठ मार्चला माझं भाषण घाटंजीपासून मारेगावपर्यंत कुठे ना कुठे ठरलेलं असायचं. त्यात एक वाक्य हमखास यायचं, "स्त्रीला कुणाच्याही आधाराची गरज नाही." हे वाक्य मी आधारघराच्या मांडवातसुद्धा म्हटलेलं आहे, वर मोठ्या अक्षरात 'आधारघर' लिहिलेलं असताना. कुणी हसलं नाही. आमच्याकडची माणसं सभ्य.

तर एकदा देणगीदार येणार म्हणून मी ऑफिसातलं मोठं कपाट आवरायला घेतलं. चादरींच्या मागे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. उघडून बघते तर पुरुषाचा शर्ट. निळ्या-तांबड्या चौकटीचा, ऐसपैस मापाचा, स्वच्छ धुतलेला. कपाट वच्छलाबाईंच्या ताब्यातलं. वच्छलाबाई म्हणजे आधारघराच्या अधीक्षिका, तिथेच कोपऱ्यातल्या खोलीत राहणाऱ्या. बायकांच्या आधारघरात, त्यातून अधीक्षिकेच्या कपाटात, पुरुषाचा शर्ट.

त्यांना सरळ विचारता आलं असतं. पण विचारणं माझ्या स्वभावात नव्हतं, मी उत्तरं देत असे. शर्ट मी पिशवीत घालून घरी आणला आणि मागच्या खोलीत दडवला. नंतर आठवडाभर आधारघरात येणारा-जाणारा प्रत्येक पुरुष मी मनातल्या मनात त्या शर्टात घालून पाहिला. दूधवाला त्यात बुडून गेला. आश्रमशाळेचा शिपाई बाहीत बसेना. धान्य आणून देणारे गुप्ताजी पोटावर अडले. शेवटी माझ्या लक्षात आलं की आता परक्या पुरुषाचा शर्ट माझ्या घरात आहे, आणि वकीलसाहेबांना दिसला तर उलटतपासणी माझी होईल. त्याच दुपारी गल्लीत जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई आली.

"कपडा त मजबूत हाय," ती शर्ट झटकून म्हणाली. "साहेबाचा का?"

"नाही," मी इतक्या जोरात म्हणाले की तिने काही न बोलता एक नंबर मोठा डबा काढून दिला.

संस्थेची अब्रू मी अशी वाचवली. आता ज्यांच्यापासून वाचवली त्यांच्याबद्दल सांगते.

वच्छलाबाई तेव्हा साठीला टेकलेल्या. उंचीने बेताच्या, आवाजाने नाही. बारा महिने हातात काळी छत्री. ऊन असो, ढग असो, काही नसो. ती त्यांनी उघडलेली मी फार क्वचित पाहिली. छत्री बोट दाखवायला, कुत्रं हाकलायला, झोपलेल्या पोरांच्या अंगावरचं पांघरूण उचलून शाळेला उठवायला, आणि बोलणाऱ्याचं बोलणं थांबवायला. माझी कितीतरी वाक्यं त्या छत्रीच्या टोकावर संपली आहेत.

त्या काही फार प्रेमळ वगैरे नव्हत्या. त्यांच्या हातचा चहा प्यायलात तर ही शंका तुम्हालाही आली असती. साखर कमी, पत्ती जास्त, आणि दूध नुसतं दाखवलेलं. स्वयंपाकाचं तर नाव नको. आधारघरात नवी आलेली बाई दुसऱ्या दिवशीच स्वतःहून चुलीशी जाऊन बसायची, ती कृतज्ञतेने नाही, पोरांच्या पोटाच्या काळजीने. वच्छलाबाई म्हणायच्या, "पाहा, कशी कामाले लागली. माया हाताचा गुन हाय."

नव्या बाईला त्या काय झालं ते कधी विचारत नसत. मी सचिव झाल्यावर प्रश्नांचा एक लांबलचक कागद तयार केला होता. नवऱ्याने मारलं का, कशाने मारलं, सासू काय म्हणाली, माहेरचे का घेत नाहीत. वच्छलाबाईंनी तो कागद घेतला, फार छान आहे म्हणाल्या, आणि त्यावर मिरच्या वाळत घातल्या. त्यांचा प्रश्न एकच असे, "कोन्ती भाजी खात नाही तू?" रस्त्यावरून आलेली, दोन दिवस नीट न जेवलेली बाई आधी समजूनच घेत नसे. मग पुटपुटायची, दोडकं. किंवा वांगं. किंवा म्हणायची, मी सारंच खाते जी. त्यावर वच्छलाबाई छत्री आपटायच्या. "सारंच कोनी खात नसते. आठवून सांग." कितीएक बायका या प्रश्नाला रडल्या. माझ्या कागदाला एकही रडली नव्हती.

आणि त्याच्याही आधी कुलूप-किल्ली. बाई दारात आली की पाणी नंतर, चहा तर जमल्यास नकोच, पहिल्यांदा हातात कुलूप. प्रत्येकीला एक लोखंडी पेटी. पेटीत ठेवायला बहुतेकींकडे काही नसे. "कुलूप लाव," वच्छलाबाई म्हणायच्या. "ठेवाले मागून भेटते."

स्वतः मात्र त्या कुठलीच गोष्ट कुलपात ठेवत नसत, जीभ तर नाहीच. संध्याकाळी टीव्हीवरची मालिका लागली की त्यांच्या डोळ्यांना धार. एखाद्या दागिने घातलेल्या सुनेला बंगल्यातून बाहेर काढलं की पदर तोंडाला लावून हुंदके द्यायच्या. "एवढा मोठा बंगला, माय वं, आन तिले जागा नाही." आजूबाजूला खरोखर घरातून काढलेल्या सात-आठ बायका भाजी निवडत बसलेल्या. त्यातलीच एक उठून यांना पाणी आणून द्यायची आणि समजूत घालायची, "उद्या घेतीन घरात, बाई. नोका रडू."

आधारघरातून बाहेर पडण्याची वेळ आली की रोज दुपारी एक खेळ चालायचा. वच्छलाबाई व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मांडी ठोकून बसायच्या, खांद्यावर टॉवेल टाकायच्या आणि घरमालक व्हायच्या. जिला खोली करायची तिने समोर उभं राहायचं. त्या इतका खवट घरमालक करायच्या की खरा घरमालक भेटल्यावर बायकांना तो देवमाणूस वाटायचा.

रेखा मारेगावकडची. नवऱ्याने दुसरी आणली आणि हिला दोन पोरींसकट एसटीत बसवून दिलं. उतरायचं कुठे ते सांगितलं नव्हतं, म्हणून तिकीट जिथपर्यंत होतं तिथे ती उतरली. आधारघरात वर्ष काढलं. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायचं काम लागलं होतं, हातात जोर होता, तोंडात शब्द नव्हते. तिची रंगीत तालीम मी स्वतः पाहिली आहे.

"नाव काय वं तुवं?" घरमालक म्हणाला.

"रेखा."

"निसतं रेखा? आडनाव कायले दडवून राह्यली? कोनाच्या तुमी?"

रेखाने खाली पाहिलं. मागे भाजी निवडणाऱ्यांपैकी एकीने हळूच सांगितलं, "तारीख इचार, तारीख."

"भाडं कोन्त्या तारखेले पायजे जी तुमाले?" रेखा म्हणाली.

"हां," घरमालक खूश झाला. "पैशाचं नाव काढलं का जात इसरते मानूस. मटन करता का घरी?"

"तुमी आनून द्यान त करू."

सगळा व्हरांडा हसला. घरमालकसुद्धा हसला, पण छत्री उगारून. "जास्त हुशारी नाही पायजे. एवढी हुशार भाडेकरीन कोनाले आवडत नसते. आन नवरा? नवरा काय करते?"

इथे रेखाने मागच्या बायकांकडे पाहिलं. आणि मी, एका बाजूला उभी राहून, बोलले. "खरं सांगायचं. मी एकटी आहे म्हणून सांगायचं. त्यात लाज कसली?"

छत्रीचं टोक माझ्याकडे वळलं. "मॅडम," वच्छलाबाई अगदी मऊपणे म्हणाल्या, "लाज वाटून घ्याची असन त सकाळी घ्या. दुपारी कामं असतात." मग रेखाकडे वळून, "नवरा ड्रायव्हर हाय. हैद्राबाद लाईनवर असते. म्हन."

"नवरा ड्रायव्हर हाय," रेखा म्हणाली. "हैद्राबाद लाईनवर असते."

हायवेचं गाव. आमच्याकडे दर चौथ्या घरातला माणूस त्या लाईनवर असतो आणि महिना-महिना दिसत नाही. तो आहे यावर जसा कुणाला संशय येत नाही, तसा तो घरी दिसत नाही यावरही येत नाही.

पण रेखाला खोली हवी होती ती नुसती राहायला नव्हे. तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, एकदा आधारघरात येऊन गेला होता. बोलायला गोड माणूस. मोठी पोरगी पायल, दहा वर्षांची, तिच्यावर त्याचा डोळा. त्याच्या घरी लहान लेकरं होती, पाणी दुरून आणावं लागे. "आमच्या घरची पोरगी अशी संस्थेत वाढनार नाही," तो म्हणाला होता. "पोळा झाला का येतो. हिचं सोताचं घर असन त ठीक हाय. नसन त पोरीले घेऊन जातो."

मी म्हणाले, कायद्याने त्याला असं नेता येत नाही. वकीलसाहेबांची बायको मी, एवढं माहीत होतं.

"कायदा हाय ना," वच्छलाबाई म्हणाल्या. "पन तो पायी येते. भासऱ्यापाशी मोटरसायकल हाय."

पोळा तोंडावर आला तेव्हा कुठे खोली मिळाली. चंद्रकलाबाई नावाच्या घरमालकिणीच्या वाडीत, मागच्या अंगणाला लागून, वर टिनाचं छप्पर, पण दाराला आतून कडी आणि बाहेरून कोयंडा. रेखाने आपलं आधारघरातलं कुलूप त्याला लावून पाहिलं, ते बसलं. ती सामान घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाईंनी मोठं कपाट उघडलं.

मी खुर्चीवर बसून पत्रं वाचत होते. चादरी एकेक करून खाली आल्या.

"मॅडम, इथी एक शर्ट होता."

"होता," मी मान ताठ करून म्हणाले. "तो मी काढून टाकला. संस्थेच्या दृष्टीने ते योग्य दिसत नव्हतं."

"कुटी काढून टाकला?"

"भांडेवालीला दिला."

त्यांनी हातातली चादर खाली टाकली. "काय भेटलं?"

"डबा."

"झाकनाचा?"

"हो."

"मंग ठीक हाय," वच्छलाबाई म्हणाल्या. "रेखाच्या दोरीवर डबा टांगू."

तेव्हा मला समजलं की मी काय विकलं होतं. आधारघरातून खोली करून गेलेल्या प्रत्येक बाईच्या दोरीवर पहिला महिनाभर तो चौकटीचा शर्ट वाळत असे. ड्रायव्हर नवरा येऊन गेला, कपडे धुवायला टाकून परत लाईनवर गेला. शेजारीपाजारी दोरीकडे बघत, समाधान पावत आणि आपापल्या कामाला लागत. महिन्याने शर्ट परत कपाटात. एकदा दोघींना एकाच वेळी खोल्या मिळाल्या तेव्हा तो सोम-बुध-शुक्र एकीकडे आणि बाकीचे दिवस दुसरीकडे होता. कुणा घरमालकाने दोन्हीकडे पाहिला आणि हटकलं. वच्छलाबाईंनी सांगितलं, दोघंही एकाच कंपनीत आहेत, तिकडून मिळतो. तो मूळचा कुणाचा, हे मी पुढे त्यांना तीनदा विचारलं. एकदा म्हणाल्या मेलेल्या नवऱ्याचा, एकदा म्हणाल्या जित्या नवऱ्याचा, आणि एकदा, बाजारातून आणला.

"पण हे चूक आहे," मी म्हणाले. चूक माझी निघाली की मी तत्त्वावर जात असे. "बाईला राहायला पुरुषाचा शर्ट कशाला लागावा? आपण लोकांना सुधारायला हवं."

"सुधारा," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुमच्या घरामागं खोली खाली पडून हाय ना? तिथूनच सुरू करा. रेखाले आजच्या आज आनतो. नवरा नाही म्हनून पाटी लावू."

मागच्या खोलीत दिवाळीच्या माळा होत्या, मुलांची जुनी सायकल होती आणि एक न चालणारा कूलर होता. मी म्हणाले, "तसं काही नाही. पण यांना विचारावं लागेल."

वच्छलाबाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "विचारा ना," त्या म्हणाल्या. "पाहा, तुमच्या बी दोरीवर शर्टच हाय."

मी घरी गेले, कपाट उघडलं आणि वकीलसाहेबांचा कोर्टात घालायचा पांढरा शर्ट काढला. दुसरा कुठला काढला असता तर त्यांच्या लक्षात आलं असतं. पांढरे चार होते. संध्याकाळी त्यांनी विचारलं, एक कमी दिसतोय. मी म्हटलं, धुवायला गेलाय. अगदीच खोटं नव्हतं.

वच्छलाबाईंनी शर्ट हातात धरून उलटा-सुलटा केला. "ड्रायव्हर भल्लाच साफ दिसून राह्यला," म्हणाल्या. "जाऊ द्या. एसी गाडीवर हाय म्हनू."

बेत असा होता की शर्ट पोळ्यापर्यंत दोरीवर राहील आणि भासरा यायच्या आधी खाली उतरेल. कारण जो शर्ट घरमालकिणीला दिसायला हवा तोच भासऱ्याला दिसता कामा नये. नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या अंगणात परक्या पुरुषाचा शर्ट दिसला की पोरगी न्यायला त्याला आणखी काही कारण लागलं नसतं. रेखा हे जाणून होती. त्या दिवसांत ती दोरीकडे अशी बघायची, जसं कुणी चुलीवर ठेवलेल्या दुधाकडे बघतं.

भासरा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आला. आम्ही दुपारनंतर येईल असं धरून होतो, तो सकाळीच आला. गल्लीत पोरं लाकडी बैल ओढत होती, धाकटीच्या बैलाचं एक शिंग मोडलेलं होतं. वच्छलाबाई आणि मी तिथे होतो, चंद्रकलाबाई ओट्यावर उभ्या राहून पोरांच्या हातावर खाऊ ठेवत होत्या. मोटरसायकल थांबली. भासरा आत आला, खोली पाहिली, कडी पाहिली, चूल पाहिली, पायलच्या डोक्यावरून हात फिरवला. मग मागे वळला आणि त्याला दोरी दिसली.

पांढरा शर्ट वाऱ्यावर हात हलवत होता.

"हा शर्ट कोनाचा?" भासरा म्हणाला. गोडपणा अजून होता, पण वरवरचा.

रेखा पोरीकडे सरकली. तिने पायलचा हात धरला. ओट्यावर चंद्रकलाबाईंचा हात खाऊच्या डब्यातच राहिला. त्यांच्यासमोर ड्रायव्हर म्हणावं तर भासऱ्याला नवा नवरा सापडतो, आणि दुसरं काही म्हणावं तर घरमालकिणीचा जुना हरवतो. मी वच्छलाबाईंकडे पाहिलं. आयुष्यभर खोटं बोललेल्या बाईकडे त्या क्षणी खोटं शिल्लक नव्हतं.

"वकिलाचा," वच्छलाबाई म्हणाल्या.

"कोन्त्या वकिलाचा?"

"रेखाच्या वकिलाचा. कोर्टात घालते तो. या वकिलीनबाई," छत्री माझ्याकडे वळली. "यायच्या घरचं धुणं रेखाकडं असते. काहून? तुमाले काही काम होतं वकिलाकडं?"

भासऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. माझ्या सगळ्या भाषणांत मिळून मी जेवढं काम केलं नसेल तेवढं त्या मानेने केलं.

मग ओट्यावरून आवाज आला. "हो, वकीलसाहेबाचंच धुणं हाय ते," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "माया भाडेकरनीचं काम साफ हाय. तुमी बसा ना भाऊ, चहा टाकतो."

भासरा चहाला थांबला नाही. पायलच्या हातावर खाऊला काही ठेवायचं म्हणून त्याने खिसा चाचपला, मग तेही राहून गेलं. मोटरसायकल गेल्यावर कुठे रेखाने पायलचा हात सोडला.

वच्छलाबाईंना त्या दिवशी बरं वाटेना. डोकं दुखतं म्हणाल्या. खरं बोलायची सवय नव्हती.

मी चंद्रकलाबाईंकडे गेले. माफी कशी मागावी याची जुळवाजुळव करत होते. त्यांनीच विचारलं, "तो चौकटीचा कुटी गेला?"

"कुठला चौकटीचा?"

"अवं तोच. निळा-लाल. माया बहिनीकडं भाडेकरीन होती, तिच्या दोरीवर होता. पलीकडच्या गल्लीत होता. आमाले का समजत नाही, मॅडम? पन आमच्या घरच्यायले कोनी विचारलं त दाखवाले काही पायजे ना."

म्हणजे साऱ्या गावातल्या घरमालकिणींना तो शर्ट ओळखीचा होता, आणि फसलेलं कुणीच नव्हतं. माझ्याशिवाय. मी एकटीच त्यात खरा पुरुष शोधत बसले होते.

पुढच्या वर्षी मी मागची खोली मोकळी केली. मोठ्या मनाने नव्हे. वच्छलाबाई प्रत्येक मीटिंगला सगळ्यांसमोर कूलरची तब्येत विचारू लागल्या होत्या. आधारघरातून एक बाई मुलासह राहायला आली आणि मागच्या दोरीवर पांढरा शर्ट लागला. वकीलसाहेब सकाळी चहा पीत खिडकीतून आपल्याच शर्टाकडे बघत बसायचे. शेजारणीने विचारलं तेव्हा मी काय सांगितलं ते माझ्या भाषणांच्या श्रोत्यांना कळू नये. सांगितलं, नवरा ड्रायव्हर आहे. हैद्राबाद लाईनवर असतो. वर हेही म्हटलं, एसी गाडीवर.

रेखा चंद्रकलाबाईंच्या खोलीत चार वर्षं राहिली, मग मोठी खोली केली. पायल नर्सिंगला गेली. शर्ट मात्र रेखाकडे महिनाही टिकला नव्हता, दुसरीला लागला, मग तिसरीला. आधारघर अजून आहे, नवीन मॅडम आहेत, त्यांना सगळं समजतं. वच्छलाबाई तिथून निवृत्त झाल्या आणि गावातच एका खोलीत एकट्या राहायला गेल्या. त्यांच्या दोरीवर मी कधी शर्ट पाहिला नाही. विचारलं तर म्हणाल्या, "छत्री टांगली हाय ना." माझ्याकडे आल्या की चहा मी करायची आणि त्यांनी नावं ठेवायची. जाताना स्वयंपाकघरात डोकावून विचारायच्या, "नवऱ्याचा डबा कुटी हाय?"

गेल्या वर्षी वकीलसाहेब गेले. तेराव्यानंतर मुलांनी ठरवलं की मी नागपूरला यायचं. नणंदेने ठरवलं, जावेने ठरवलं, समोरच्या घरातल्या पाटीलभाऊंनीसुद्धा ठरवलं. एकटी बाई एवढ्या घरात कशी राहणार? मी हो म्हटलं. मला राहायचं होतं, पण हो म्हटलं. त्यांचे सगळे कपडे वाटून टाकले. दोन बॅगा भरल्या, तिसरी भरत होते.

फाटक वाजलं. वच्छलाबाई. आता ऐंशीकडे आलेल्या, पाठीत वाकलेल्या, छत्री आता खरोखर टेकायला लागणारी. ऑटो बाहेर थांबवून ठेवलेला. सांत्वनाचं एकही वाक्य बोलल्या नाहीत. बॅगांकडे पाहिलं.

"कुटी जाऊन राह्यल्या?"

"नागपूरला. मुलाकडे."

"जाव वाटते का जाव लागते?"

मी तिसऱ्या बॅगेची चेन ओढू लागले. त्यांनी बसून घेतलं. "कोन्ती भाजी खात नाही तुमी?"

"आमच्याकडे सगळं..." म्हणाले आणि थांबले. इतक्या वर्षांनी तो प्रश्न माझ्यापर्यंत पोचला होता. "कारलं मी खात नाही," मी म्हटलं. "सून रोज करते." आणि मग मला जे इतके दिवस आलं नव्हतं ते रडू आलं, कारल्याच्या नावाने.

वच्छलाबाईंनी माझं रडून होऊ दिलं. मग पिशवीतून वर्तमानपत्राचं पुडकं काढलं. आत पांढरा शर्ट होता. आता पिवळसर झालेला, कॉलर झिजलेली, दोन बटणं वेगळ्या रंगाची, कुणी कुणी लावलेली. वकीलसाहेबांचा घरात उरलेला एवढा एकच.

तो त्यांनी माझ्या हातात दिला नाही. छत्री टेकत मागच्या अंगणात गेल्या, दोरी खाली ओढली, शर्ट झटकून त्यावर घातला आणि दोन्ही खांद्यांना चिमटे लावले. मग फाटकापर्यंत गेल्या, ऑटोत बसल्या, आणि निघता निघता डोकं बाहेर काढून म्हणाल्या,

"महिनाभर टांगा, मॅडम. मंग सवय होते. तुमाले नाही, लोकायले. आन काम झालं का वापस करा, घाटंजीची एक बाई थांबून हाय. या खेपी डबा घेऊ नोका."